वेबसाइट एकीकडे, मेल दुसरीकडे: डीएनएस रेकॉर्ड लावताना

नवी वेबसाइट शनिवारी रात्री सुरू झाली. पानं झटपट उघडत होती, सगळे खूश होते. सोमवारी दुपारी फोन आला, "अहो, तुम्हाला तीनदा मेल केला, तिन्ही वेळा परत आला. पत्ता बदललात का?"

पत्ता बदलला नव्हता. मी नेमसर्व्हर (आपल्या नावाचे पत्ते जगाला सांगणारे सर्व्हर) बदलले होते, तेही वेबसाइट बनवणाऱ्याने पाठवलेल्या दोन ओळी फारसा विचार न करता चिकटवून. दीड दिवस आमच्या नावाने आलेला प्रत्येक मेल नव्या वेब सर्व्हरच्या दारात जात होता आणि 'या नावाचं इथे कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत फिरत होता. वेबसाइट छान चालत असल्यामुळे कुणाला काही बिघडलंय असं वाटायचं कारणच नव्हतं.

तुमची वेबसाइट एका कंपनीकडे आणि मेल दुसऱ्या कंपनीकडे असेल, किंवा तसं करायचं असेल, तर पुढचं वाचा. प्रोग्रामिंग यायला हवं असं काही नाही. फक्त घाई नको.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डोमेन, डीएनएस, वेब होस्टिंग आणि मेल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारही एकाच दुकानातून घेतल्या की एकच वाटतात, एवढंच. डोमेन म्हणजे तुमचं नाव. वेब होस्टिंग म्हणजे वेबसाइट जिथे राहते ती जागा. डीएनएस म्हणजे त्या नावाची नोंदवही: वेबसाइट हवी असेल तर या पत्त्यावर जा, मेल द्यायचा असेल तर त्या पत्त्यावर जा. वेबसाइट आणि मेल वेगळीकडे ठेवणं म्हणजे काही जुगाड नव्हे. डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली आणि १९८६ साली क्रेग पार्ट्रिज यांनी मेलसाठी एमएक्स नोंदीचे (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी ओळ) नियम लिहून दिले. तेव्हा वेबसाइट नावाची गोष्टच जगात नव्हती. मेलचं दार पहिल्यापासून स्वतंत्र आहे.

१. किल्ल्या एका जागी आणा

सुरुवात करण्याआधी एवढं हाताशी हवं:

- डोमेन जिथे नोंदवलं त्या रजिस्ट्रारचं लॉगिन
- डीएनएस जिथे चालतं त्या पॅनेलचं लॉगिन (हे रजिस्ट्रारकडेच असेल असं नाही)
- नव्या वेब होस्टचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता). आयपीव्ही६ (नव्या, लांब प्रकारचा) पत्ताही देत असतील तर तोही
- मेल कंपनीने दिलेल्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या ओळी (शेवटच्या दोन काय ते आठव्या भागात)
- या डोमेनवर नसलेला एक मेल पत्ता

शेवटची गोष्ट लोक हटकून विसरतात. रजिस्ट्रारकडच्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल पत्ता दिलेला असतो. मग मेल बंद पडला आणि पासवर्डही आठवेना, की पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पडलेल्या मेलबॉक्सकडे निघते. डोमेनचं नूतनीकरण करायची सूचनाही तिकडेच जाते. आज दुसरं काही केलं नाही तरी हा पत्ता तेवढा बदलून घ्या.

२. खरी वही कुठे आहे ते शोधा

रजिस्ट्रार, वेब होस्ट आणि मेल कंपनी, तिघांच्याही पॅनेलमध्ये डीएनएसचं पान असू शकतं. तिन्ही ठिकाणी नोंदी दिसतात, तिन्ही ठिकाणी 'सेव्ह' करता येतं. पण जगाला उत्तर देते ती एकच वही: तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर ज्या कंपनीचे आहेत तिची. मी एकदा तासभर चुकीच्या पॅनेलमध्ये नोंदी टाकत बसलो होतो. सेव्ह झाल्याचा हिरवा संदेश दर वेळी येत होता, परिणाम मात्र शून्य.

नेमसर्व्हर शोधायला विंडोजवर एनएसलुकअप आणि मॅक किंवा लिनक्सवर डिग ही आज्ञा पुरते. टर्मिनलची भीती वाटत असेल तर डीएनएस तपासणारी कुठलीही साइट उघडा, डोमेन टाका आणि प्रकार 'एनएस' निवडा. जी नावं येतील त्यांच्यावरून कंपनी ओळखता येते. काम करायचं ते त्याच पॅनेलमध्ये.

३. जुन्या नोंदींची प्रत घ्या

पॅनेलमध्ये 'एक्स्पोर्ट' असेल तर झोन फाइल (सगळ्या नोंदींची एकत्र फाइल) उतरवून ठेवा. नसेल तर स्क्रीनशॉट घ्या, पण लांबलचक ओळी पडद्यावर अर्धवट दिसतात, त्या उघडून पूर्ण मजकूर वेगळा साठवा.

ओळखीची वाटत नाही म्हणून कुठलीही ओळ पुसू नका. विचित्र अक्षरांची टीएक्सटी (नुसत्या मजकुराची) नोंद म्हणजे एखाद्या सेवेने डोमेन तुमचंच आहे याची खात्री करून घेतलेली खूण असते. अंडरस्कोर असलेलं चमत्कारिक नाव बहुधा डीकेआयएमचं निघतं. साफसफाई करायचीच असेल तर सगळं काम उरकल्यावर महिनाभराने करा.

४. नेमसर्व्हर बदला असं सांगितलं तर थांबा

सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक इथे होते. माझीही इथेच झाली.

वेबसाइट बनवणारे, विशेषतः 'स्वतः साइट बनवा' प्रकारातल्या सेवा, बिनदिक्कत सांगतात: आमचे हे दोन नेमसर्व्हर टाका, बाकी आम्ही बघतो. त्यांच्या दृष्टीने ते सोपं आहे. पण नेमसर्व्हर बदलणं म्हणजे एखादी ओळ दुरुस्त करणं नव्हे, अख्खी वहीच बदलणं. नव्या वहीत वेबसाइटच्या ओळी असतात, तुमच्या मेलच्या नसतात. त्याहून वाईट म्हणजे काही होस्ट आपणहून एक एमएक्स ओळ घालून ठेवतात, जी त्यांच्याच सर्व्हरकडे बोट दाखवते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

यातला एक बारकावा लक्षात घ्या. पलीकडचा सर्व्हर बंद असला किंवा उत्तर देत नसला, तर पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे काही तासांच्या गोंधळात मेल हरवत नाही, उशिरा येतो. पण चुकीचा सर्व्हर चालू असेल आणि त्याने ५५० क्रमांकाचा नकार देऊन 'असा वापरकर्ता नाही' म्हटलं, तर मेल त्याच क्षणी परत जातो. दार बंद असलेलं परवडलं, चुकीचा दारवान नको.

म्हणून वेबसाइटवाल्यांना सरळ विचारा: "नेमसर्व्हर न बदलता फक्त ए रेकॉर्ड टाकून चालेल ना?" (ए रेकॉर्ड म्हणजे नावाला आयपी पत्ता जोडणारी ओळ.) जवळजवळ नेहमी चालतं. आयपी द्या म्हणावं.

नेमसर्व्हर बदलायचेच असतील तर आधी नव्या वहीत सगळ्या जुन्या ओळी उतरवा, एकेक ताडून पाहा आणि मगच बदल करा. डोमेनवर डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही करायची सोय) चालू असेल तर रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (त्या सहीची खूण) आधी काढा, तिची मुदत संपू द्या, मग नेमसर्व्हर बदला. ती तशीच राहिली तर जुनी सही आणि नवी वही जुळत नाही, आणि सही तपासणाऱ्यांच्या लेखी डोमेन अख्खंच गायब होतं, वेबसाइट आणि मेल दोन्ही.

५. आदल्या दिवशी टीटीएल कमी करा

प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं याची मुदत. ८६४०० म्हणजे एक दिवस, ३६०० म्हणजे एक तास, ३०० म्हणजे पाच मिनिटं. ज्या ओळी बदलणार आहात त्यांचा टीटीएल आदल्या दिवशीच ३०० करा. बदलाच्या क्षणी कमी करून उपयोग नाही, कारण जुनं उत्तर जुन्या मुदतीसह आधीच लोकांच्या सर्व्हरवर जाऊन बसलेलं असतं.

'बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. खरं तर काही पसरत वगैरे नाही. जुनी उत्तरं मुदत संपली की विसरली जातात आणि मग नवं विचारलं जातं. ४८ तासांचा आकडा नेमसर्व्हर बदलताना मात्र अगदीच पोकळ नाही: डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो आणि तो आपल्या हातात नसतो. नेमसर्व्हरला हात न लावण्याचं हे आणखी एक कारण.

६. वेबसाइटच्या ओळी

समजा, डोमेन उदाहरण.कॉम आहे आणि नव्या वेब होस्टने १९२.०.२.१० हा पत्ता दिलाय. तर:

- नाव @, प्रकार ए, किंमत (व्हॅल्यू) १९२.०.२.१०
- नाव तीन डब्ल्यू, प्रकार सीनेम, किंमत उदाहरण.कॉम

@ म्हणजे मूळ डोमेन. सीनेम म्हणजे 'या नावासाठी त्या नावाकडे बघा'. झालं. आता यातले खड्डे.

जुनी एएएए नोंद. ही आयपीव्ही६ पत्त्याची. ए बदलला आणि एएएए तशीच राहिली, तर काही लोकांना नवी साइट दिसते, काहींना जुनी. तुमच्या वायफायवर नवी, मोबाइल डेटावर जुनी. माणूस कॅशे साफ करत बसतो. नव्या होस्टकडे आयपीव्ही६ नसेल तर ही ओळ काढून टाका. सुरक्षित जोडणीचं मोफत एसएसएल प्रमाणपत्र निघत नसेल तरी आधी हीच तपासा.

मूळ नावावर सीनेम. काही सेवा आयपी न देता नाव देतात आणि सीनेम टाका म्हणतात. तीन डब्ल्यूवाल्या नावाला ठीक, @ ला नाही. सीनेम जिथे असतो तिथे दुसरी कुठलीही नोंद राहू शकत नाही असा नियम आहे, आणि @ वर तर एमएक्स असतो, एसपीएफ असतो. काही पॅनेल हे निमूट स्वीकारतात आणि मग मेल अधूनमधून बिघडतो, जो प्रकार शोधायला महाकठीण. तुमच्या पॅनेलमध्ये एलियास, एनेम किंवा सीनेम फ्लॅटनिंग (@ लाही आयपीऐवजी नाव देऊ देणाऱ्या सोयी) असेल तर ते वापरा.

आणि तिसरा, सगळ्यात बेमालूम. मेल जुन्याच होस्टवर ठेवायचा आहे, फक्त वेबसाइट हलवायची आहे. तुम्ही एमएक्सला हातही लावत नाही, फक्त @ चा ए बदलता. तरीही मेल बंद. का? एमएक्सची किंमत बघा. अनेक जुन्या होस्टिंगमध्ये तिथे उदाहरण.कॉम हेच लिहिलेलं असतं, किंवा मेल.उदाहरण.कॉम असतं आणि ते सीनेम होऊन पुन्हा उदाहरण.कॉमकडेच येतं. म्हणजे मेल @ च्या पाठीला बांधलेला आहे. @ नव्या घरी गेला की मेल मागोमाग फरफटत जातो.

उपाय असा: ए बदलण्याआधी मेल.उदाहरण.कॉम या नावाची स्वतंत्र ए नोंद करा, तिला जुन्या सर्व्हरचा आयपी द्या, आणि एमएक्स तिच्याकडे वळवा. मेल नीट येतोय हे पाहा. मग @ बदला.

७. मेलच्या ओळी

मेल नव्या कंपनीकडे नेताय? आधी तिकडे सगळे मेलबॉक्स तयार करा, एमएक्स नंतर. क्रम उलटा झाला तर वर सांगितलेला ५५० चा नकार तिकडूनही मिळेल.

एमएक्समध्ये नाव लिहायचं, आयपी नाही. ते नाव सीनेमही असता कामा नये. सोबतचा आकडा प्राधान्याचा: लहान आकडा आधी. १० आणि २० असतील तर आधी १० कडे प्रयत्न होतो, तिथे जमलं नाही तर २०.

जुन्या होस्टची एमएक्स ओळ 'असू दे, बॅकअप' म्हणून ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. काही मेल तिकडे उतरतील आणि कुणी उघडत नसलेल्या मेलबॉक्समध्ये पडून राहतील. स्पॅम पाठवणारे तर मोठ्या आकड्याचं दार मुद्दाम वाजवतात.

नाव भरतानाचा एक किरकोळ दिसणारा त्रास. बरीच पॅनेल नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही रकान्यात मेल.उदाहरण.कॉम पूर्ण लिहिलंत तर नोंद होते मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम. किंमतीच्या रकान्यातही काही ठिकाणी शेवटी टिंब दिलं नाही तर हेच होतं. सेव्ह केल्यावर यादीत नोंद कशी दिसते ते वाचा.

क्लाउडफ्लेअर ही डीएनएस सेवा वापरत असाल तर तिच्या पॅनेलमध्ये मेलच्या नावापुढचा ढग नारिंगी नको, राखाडी हवा. नारिंगी ढगामागून फक्त वेबची वाहतूक जाते, मेलची नाही.

८. तुमच्या नावाने कोण पाठवू शकतं

एमएक्स येणाऱ्या मेलसाठी. जाणाऱ्या मेलसाठी तीन वेगळ्या नोंदी लागतात आणि त्या नसतील तर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत: जीमेलकडे दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या, आणि थोडे पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक हवंच. मी म्हणेन, तिन्ही करा.

एसपीएफ म्हणजे परवानगीची यादी, @ वरची एक टीएक्सटी नोंद. डोमेनवर ती एकच असायला हवी. वेब होस्टची एक आणि मेल कंपनीची दुसरी अशा दोन झाल्या तर दोन्ही बाद. दोघांचे 'इन्क्लुड' (त्यांना परवानगी देणारे तुकडे) एकाच ओळीत आणा. शेवटी 'ऑल' एकदाच, त्याच्या आधी ~ म्हणजे 'संशय घ्या', - म्हणजे 'नाकारा'. सुरुवातीला ~ ठेवा. त्या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस विचारणा दहापेक्षा जास्त झाल्या तरी ती बाद ठरते, म्हणून बंद केलेल्या सेवांचे इन्क्लुड काढत राहा.

डीकेआयएम म्हणजे सही. मेल कंपनी एक नाव आणि एक लांब किल्ली देते. २०४८ बिटांची किल्ली एका तुकड्यात मावत नाही, कारण टीएक्सटीच्या एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. बहुतेक पॅनेल स्वतः तुकडे करतात. जुनी पॅनेल करत नाहीत, तिथे दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. कॉपी करताना मध्ये रिकामी जागा शिरली तर सही जुळत नाही.

डीमार्क सांगतो की वरचं काहीच जुळलं नाही तर काय करायचं. सुरुवात 'नन'ने (काही करू नका) करा, अहवालासाठी वेगळा पत्ता द्या (ते अहवाल एक्सएमएल फाइली असतात, रोजच्या इनबॉक्समध्ये नकोत), काही आठवडे पाहा, मग 'क्वारंटाइन' (संशयित म्हणून बाजूला ठेवा), पुढे 'रिजेक्ट' (नाकारा). थेट रिजेक्टवर उडी मारलीत तर आपलेच मेल अडवाल.

९. वेब सर्व्हरला सांगा की मेल आता इथे नाही

डीएनएस सगळं बरोबर, बाहेरून मेल येतात, पण वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचे मेल मात्र येत नाहीत? वेब सर्व्हरची समजूत अजूनही हीच आहे की उदाहरण.कॉमचे मेलबॉक्स आपल्याकडेच आहेत. तो एमएक्स बघतच नाही, आपल्याच कपाटात मेल टाकतो. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' नावाचं पान आहे. तिथे 'लोकल'च्या जागी 'रिमोट' निवडा. आम्हाला याच कपाटात ३१ चौकश्या सापडल्या होत्या, सगळ्यात जुनी तीन आठवड्यांपूर्वीची.

त्याहून बरं म्हणजे फॉर्मचे मेल वेब सर्व्हरने स्वतः न पाठवता तुमच्या मेल कंपनीच्या एसएमटीपीतून (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरमधून) पाठवावेत. मग सहीही होते आणि एसपीएफमध्ये वेब होस्ट घालावा लागत नाही.

१०. तपासून पाहा

स्वतःच्या डोमेनवरून स्वतःलाच मेल पाठवून तपासू नका. तो मेल घराबाहेर पडतच नाही. बाहेरच्या किमान दोन वेगळ्या सेवांवरून मेल आणा आणि त्यांना उत्तर द्या. जीमेलमध्ये आलेल्या तुमच्या मेलवर तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' उघडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. मग संपर्क फॉर्म भरून पाहा. मग मोबाइल डेटावर साइट उघडा, तीन डब्ल्यूसह आणि त्याशिवाय.

सगळं ठीक असेल तर टीटीएल पुन्हा तासावर आणा.

आणि जुनं मेल खातं लगेच बंद करू नका. एमएक्स बदलल्याने फक्त नवे मेल नव्या घरी येतात, जुने आपोआप येत नाहीत. ते आयमॅपने (सर्व्हरवरचा मेलबॉक्स वाचायची पद्धत) उतरवावे लागतात आणि मेलबॉक्स मोठा असेल तर त्याला रात्रभर लागते. 'पाठवलेले' हा फोल्डर आला का ते वेगळं पाहा. जुन्या आणि नव्या सेवेत त्याची नावं वेगळी असली की नेमका तोच मागे राहतो. जुन्या सर्व्हरच्या मेलबॉक्समध्ये सलग आठवडाभर एकही नवा मेल आला नाही, की मग तिथलं नूतनीकरण थांबवा.